पहिल्या हाकेला

१

सकाळी आठला मी यंत्राच्या खोलीचं कुलूप काढायचो, पंखा लावायचो आणि आधी लॉग बघायचो. चहा त्यानंतर. माणसं उठल्यावर देवाला हात जोडतात म्हणे. आमच्या घराण्यात हात जोडणारे एवढे होऊन गेले, की माझ्या वाट्याचं त्यांनीच उरकलं असणार, असं मी धरून चाललो होतो.

१९९९चा उन्हाळा होता. दुर्गाघाटाच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर वेणीमाधव बाबूंच्या दोन खोल्या होत्या, एकमेकींना लागून. एकीत मी राहायचो, दुसरीत सर्व्हर. भिंती दीड हात जाड, दगडी. मे महिन्यातही आत गारवा असायचा, म्हणून बाबूंनी टेलिफोनवाल्यांच्या मागे लागून लाइन इथवर ओढून घेतली आणि विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सेंटरमधून मला उचलून इथे आणून बसवलं.

यंत्र एक, पण आत बिऱ्हाडं चौदा. साड्यांचे दोन व्यापारी, तीन गेस्ट हाउस, एक सतारीचे उस्ताद, एक ज्योतिषी, असे. प्रत्येकाची वेबसाइट वेगळी आणि नाव वेगळं, पत्ता मात्र सगळ्यांचा एकच. जगात कुठेतरी कोणी नाव टाइप करायचं, त्या नावाची हाक आमच्या दारावर यायची आणि यंत्र नाव ऐकून त्या बिऱ्हाडाचं पान पुढे करायचं. कोण आलं, कुठून आलं, कोणाच्या नावाने हाक मारली आणि आपण काय उत्तर दिलं, हे सगळं लॉगमध्ये ओळीने उमटायचं. मला हे काम आवडायचं. चौदा बिऱ्हाडांची राखण, आणि त्यातल्या एकाचंही तोंड बघायला नको.

दुपारी बारा ते दोन वीज जायची, रोज, न चुकता. बॅटरी जेमतेम वीस मिनिटं पुरायची. म्हणून पावणेबारालाच मी यंत्र रीतसर बंद करायचो. पंख्याची घरघर थांबली की खोली एकदम मोठी वाटायची. खालून घंटा, कोणाचं तरी खाकरणं, मणिकर्णिकेकडे निघालेल्यांचं ‘राम नाम सत्य है’, सगळं वेगवेगळं ऐकू यायचं.

साडेबाराच्या सुमारास गल्लीतून ऋताची हाक यायची. ऋता माझी धाकटी भावजय, मुलींच्या शाळेत शिक्षिका. सुट्टीचे दिवस असल्यामुळे डबा ती स्वतःच आणायची. दोन जिने चढायला नकोत म्हणून टोपलीला दोर बांधून ठेवला होता, यंत्राच्या खोलीच्या खिडकीला. ती खालून हाक मारायची, “भावजी.” मी गप्प. परत “भावजी.” मी गप्पच. तिसऱ्यांदा “भावजी” म्हणाली की मी “ओ” म्हणायचो आणि टोपली सोडायचो.

हा आमच्या आईचा नियम. घाट शेजारी, कोण कोणाला हाक मारतंय कळत नाही, तेव्हा पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्याही नाही. “माणूस तीनदा हाक मारतो. बाकीचं एकदाच,” असं ती म्हणायची. बाकीचं म्हणजे काय, हे विचारलं की पाठीत धपाटा मिळायचा. आम्ही दोघे भाऊ त्यावर पोट धरून हसायचो, आणि तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायचो. अंगवळणी पडलेल्या गोष्टीला पटावं लागत नाही.

२

मार्चमध्ये एका गेस्ट हाउसवाल्याने तक्रार केली होती. त्याच्या एका जर्मन पाहुण्याने नाव टाइप करताना एक अक्षर चुकवलं, तर समोर साड्यांचं दुकान उघडलं.

यंत्राची ही खोड आहे. ओळखीचं नाव आलं तर ठीक, पण अनोळखी नाव आलं तर ते गप्प बसत नाही. यादीत जो पहिला असेल त्याचं दार उघडून मोकळं होतं. आणि यादीत पहिला होता साडीवाला.

वेणीमाधव बाबू फोनवर म्हणाले, “नरहर जी, वहाँ कुछ और लगा दीजिए. कुछ भी. बस साड़ी न निकले.”

मी यादीच्या अगदी वर एक कोरं पान घातलं. ज्या नावाचं इथे कोणी नाही, त्या नावाला उत्तर देण्यासाठी. त्यावर काय लिहावं याचा थोडा विचार केला. ‘असं नाव इथे नाही’ असं लिहिणं सरळ होतं. पण त्या दिवशी सकाळपासून माझ्याशी कोणी एक शब्द बोललं नव्हतं, आणि आईचा नियम आठवून मला गंमत सुचली. मी लिहिलं: ‘आहे. बोला.’

मराठीत लिहिलं. या शहरात घराबाहेर मराठी वाचणारे आधीच मोजके, आणि चुकून आलेल्या जर्मनाला ती काय कळणार? माझी खासगी थट्टा होती ती. आई असती तर धपाटा बसला असता.

३

मे महिन्याच्या शेवटी एक ओळ खटकली.

अनोळखी नावं रोज दोन-चार यायची, अक्षरं चुकलेली. ही तशी नव्हती. नुसतं yajneshwar. मागे टिंब नाही, कॉम नाही. कुठून आलं त्या रकान्यात एक आडवी रेघ. उत्तर दिलं गेलं होतं, माझं पान. वेळ बारा चाळीस.

बारा चाळीसला यंत्र बंद होतं. मी स्वतः बंद केलं होतं. त्या वेळी मी शेजारच्या खोलीत वांग्याची भाजी खात होतो.

मी घाबरलो वगैरे नाही. यंत्राच्या आत घड्याळ असतं, त्याला बटणाएवढी बॅटरी असते आणि ती उतरली की वेळ पुढे-मागे होते. मी गोदौलियाच्या बाजारात जाऊन बॅटरी आणली आणि बदलली. जुनी बॅटरी तपासली तर चांगली होती. म्हटलं, असू दे, नवी कधीही बरी.

नावाचं म्हणाल तर आमच्या समोरच्या घरात यज्ञेश्वरशास्त्री राहायचे. चौऱ्याऐंशी वर्षांचे, दिवसभर खिडकीत. हाताच्या अंतरावर खिडकी, म्हणून मी ओरडून म्हटलं, “शास्त्रीबुवा, तुम्हाला जगात कोणीतरी शोधतंय हो.”

“काय म्हणतोस?”

“तुमच्या नावाने हाक आली. कॉम्प्युटरात.”

“मग?” त्यांनी कानामागे हात धरला. “ओ दिलीस का?”

“दिली की.”

“बरं केलंस,” म्हातारा हसला. “माझे तर कान गेलेत.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ते खिडकीत बसल्या बसल्याच गेले. चौऱ्याऐंशीव्या वर्षी, काशीत, ज्येष्ठातल्या उन्हात. यात कोणाला नवल वाटायचं कारण नव्हतं, मलाही वाटलं नाही. खांदा द्यायला मीही गेलो.

४

त्या वर्षी अधिक ज्येष्ठ होता. तो नसता, तर आमच्याकडचा एक विषय महिनाभर आधीच ऐरणीवर आला असता.

माझा धाकटा भाऊ देवव्रत बारा वर्षांपूर्वी, ज्येष्ठ वद्य पंचमीला, घरातून गेला. भांडण नाही, चिठ्ठी नाही. लग्नाला दोन वर्षं झाली होती. खांद्याला पिशवी लावून गल्लीतून चालला होता. मी खिडकीतून पाहिलं आणि हाक मारली, “देवा.” त्याने वळून पाहिलं नाही. आमच्या घरात पहिल्या हाकेला कोणी पाहतच नाही. माझ्या हातात रेडिओ उघडलेला होता, एक तार सुटत होती. म्हटलं, येईल संध्याकाळी, तेव्हा बोलू. मी दुसरी हाक मारली नाही.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. ऋतालाही नाही.

बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही, तर आमच्यात पालाशविधी करतात. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्यालाच माणूस मानायचं, आणि अग्नी द्यायचा. मग पुढचं सगळं, दिवस, श्राद्ध. अग्नी मीच द्यायचा होता. मूल नाही, वडील नाहीत, आई चार वर्षांपूर्वी गेली. आई गेल्यावर एका घरात भावजी आणि भावजय दोघंच राहणं लोकांच्या डोळ्यांत आलं असतं, म्हणून घर तिला ठेवून मी इथे यंत्राशेजारी राहायला आलो.

एका दुपारी ती डबा घेऊन वर आली. टोपली न मागता आली, तेव्हाच मी समजलो.

“भावजी, गुरुजींशी बोलले मी,” ती म्हणाली. “पंचमीला करून टाकू म्हणतात.”

“घाई काय आहे?”

“बारा वर्षं झाली. याला जल्दी म्हणता तुम्ही?” तिचा आवाज चढला नाही. “वटसावित्रीला वडाला सूत गुंडाळते मी. कोणासाठी गुंडाळते, ते सांगा ना. आहे म्हणून, की नाही म्हणून? शाळेत फॉर्मवर काय भरायचं, तेसुद्धा दर वर्षी विचार करावा लागतो.”

मी डब्याचं झाकण लावत बसलो. तिच्या शाळेत गणित शिकवणारे सुमंत म्हणून एक गृहस्थ होते. उज्जैनचे, विधुर, सज्जन. तिने कधी त्यांचा विषय काढला नव्हता, पण मला डोळे होते.

“तो परत आला तर?” मी म्हटलं.

“तुम्हाला खरंच वाटतं येतील?”

मी “हो” म्हटलं. खरं सांगायचं तर मला तेव्हा देवव्रत येईल ही आशा होती तितकीच भीतीही होती, दुसरीच. पुतळा जळला की ऋता मोकळी होणार. मोकळी झाली की जाणार. मग साडेबाराला गल्लीतून हाक मारणारं कोणी उरणार नव्हतं. दिवसातून तीनदा कोणीतरी मला हाक मारत होतं, आणि तेवढ्यासाठी मी एका बाईला बारा वर्षांच्या पुढेही टांगून ठेवायला तयार होतो. हे मला तेव्हाही कळत होतं.

“बघू,” मी म्हटलं. ती डबा न घेताच खाली गेली.

५

निज ज्येष्ठ लागून आठवडा झाला होता. मी सकाळी कुलूप काढलं, पंखा लावला, लॉग उघडला. आदल्या दुपारची ओळ होती.

devavrat. नुसतं नाव. कुठून, तर आडवी रेघ. बारा चाळीस. उत्तर दिलं गेलं होतं.

मी स्टुलावर बसलो. डोक्याने काम सुरू केलं, कारण त्याला तेवढंच येतं. कोणतंही नाव आमच्या दारापर्यंत यायचं तर आधी जगात कुठेतरी ते आमच्या पत्त्याशी जोडलेलं असावं लागतं. हे नाव कोणी कुठे जोडलेलं नव्हतं. त्या नावाने हाक यायला वाटच नव्हती. शिवाय यंत्र बंद होतं. शिवाय घड्याळाची बॅटरी नवी होती.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे मला आनंद झाला. लख्ख, पोरकट आनंद. देवव्रतला कळलं असणार, मी इथे आहे. कुठल्याशा गावात, कुठल्याशा सायबर कॅफेत बसून त्याने आपलंच नाव टाइप केलं असणार, मला खूण म्हणून. कसं आलं ते पुढे बघू. आलं हे खरं.

साडेबाराला ऋताची हाक आली. पहिल्याच हाकेला मी “ओ” म्हटलं आणि धावत खाली गेलो. ती दचकली.

“तो जिवंत आहे,” मी म्हटलं. “विधी करायचा नाही.”

तिला वर आणलं. वीज नव्हती, यंत्र बंद होतं, म्हणून मी सकाळीच कागदावर छापून घेतलेली ओळ तिच्यापुढे धरली आणि रकाना-रकाना समजावून सांगितला. ती शिक्षिका आहे. शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग कागदावर बोट ठेवलं.

“हे जे नाव आहे, ते हाक मारणाऱ्याचं आहे का?”

“नाही. म्हणजे...”

“की ज्याला हाक मारली त्याचं?”

चार वर्षं मी हेच काम करत होतो. उत्तर मला झोपेतही देता आलं असतं.

“ज्याला हाक मारली त्याचं,” मी म्हटलं.

“म्हणजे कोणीतरी ह्यांना हाक मारत आलं. हे मारत नव्हते.” तिने बोट पुढच्या रकान्यावर सरकवलं. “आणि इथून काय उत्तर गेलं?”

मी सांगितलं. दोन शब्द. उच्चारताना ते मला पहिल्यांदाच ऐकू आले.

गल्लीत कोणीतरी बादली घासत होतं. मग ऋता उठली आणि खिडकीतून खाली बघत म्हणाली, “ह्यांनी तर कधी पहिल्या हाकेला ओ दिली नाही हो.”

६

पत्र नऊ दिवसांनी आलं. नर्मदेकाठच्या एका छोट्या आश्रमातून, तिथल्या व्यवस्थापकाचं, हिंदीत, निळ्या शाईत. देवव्रतच्या सामानात सापडलेल्या जुन्या पाकिटावरून आमचा पत्ता मिळाला, असं लिहिलं होतं.

अकरा वर्षं ते तिथे होते. सगळे त्यांना मौनीबाबा म्हणायचे. गायींचं करायचे, आवार झाडायचे. कोणी हाक मारली तरी उत्तर द्यायचे नाहीत, म्हणून लोकांना वाटायचं बहिरे असतील. तब्येत उत्तम होती. त्या दिवशी दुपारी पंगत उठल्यावर घाटाच्या पायरीवर बसले होते. अचानक मान वर केली, जणू कोणी नाव घेतलं. आणि बोलले. पुढचं वाक्य त्याने जसं ऐकलं तसं लिहिलं होतं:

‘हम लोग मराठी नहीं समझते. सुनने में ऐसा था, आहे, बोला. फिर लेट गए, और उठे नहीं.’

वेळ लिहिली होती, पौने एक के आसपास. तारीख तीच.

मी पत्र ऋताला वाचून दाखवलं नाही, हातात दिलं. तिने वाचलं, घडी केली, परत उघडून वाचलं. मग ती रडली, आणि मीही रडलो, वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसून.

बारा वर्षं तो जिवंत होता. मी दुसरी हाक मारली नव्हती त्या दिवसापासून तो कोणालाच ओ देत नव्हता, आणि त्याच्या वतीने ती मी दिली. भलत्यालाच. “त्याच्या वतीने ओ मी दिली,” एवढंच मी मोठ्याने म्हटलं.

“असं नका बोलू,” ऋता म्हणाली. “यंत्र आहे ते. तुम्ही थोडीच दिलीत.”

“शब्द माझे होते.”



७

पुतळ्याची गरज उरली नाही. व्यवस्थापकाने अस्थींचा कलश पाठवला, तो आम्ही मणिकर्णिकेपासून नावेत बसून प्रवाहात सोडला. तेरा दिवस मी ऋताकडेच होतो. यंत्राकडे बाबूंचा एक माणूस सकाळ-संध्याकाळ येऊन बघून जात होता.

चौदाव्या दिवशी ती म्हणाली, “भावजी, मी उज्जैनला जाते. सुमंतजींच्या बहिणीची शाळा आहे तिथे. नोकरी आहे.” थोडं थांबून म्हणाली, “पुढचं पुढे.”

“जा,” मी म्हटलं. मनापासून म्हटलं, आणि तसं म्हणता आलं याचं मलाच बरं वाटलं.

“तुम्हीही चला. शाळेत कॉम्प्युटर शिकवायला माणूस हवाय त्यांना. सुमंतजी स्वतःच म्हणाले.” मी काही बोलणार तेवढ्यात तिने हात वर केला. “आत्ता नको. विचार करा. उद्या दुपारी डबा आणीन तेव्हा सांगा. परवाची गाडी आहे.”

विचार करायचं काही नव्हतं. दुर्गाघाटापर्यंत चालत येताना माझं ठरून गेलं होतं. कोणीतरी मला ‘चला’ म्हटलं होतं. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाच्या पायांत बळ यायला तेवढं पुरतं.

येऊन आधी यंत्रासमोर बसलो. ते कोरं पान पुसून टाकलं. अनोळखी नाव आलं तर साडी निघू दे, काय बिघडतं. मग सवयीने लॉग उघडला.

त्या दिवशीच्या दुपारची ओळ होती. narhar. आडवी रेघ. बारा चाळीस. उत्तर दिलं गेलं होतं.

पान मी चार वाजता पुसलं होतं.

मी यंत्र बंद केलं. वीज काढली, टेलिफोनची तार भिंतीतून उपटली, बॅटरीच्या वायरी सोडवल्या. खोलीची खिडकी लावली, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. मग माझ्या खोलीत आलो आणि ट्रंक भरायला घेतली. सदरे नीट घडी घालून ठेवले. शास्त्रीबुवा चौऱ्याऐंशीचे होते. देवव्रतचं मला माहीत नव्हतं, आतून काही दुखणं असेलही. तार उपटलेल्या यंत्राला काय घाबरायचं, असं मी स्वतःला मोठ्याने सांगितलं.

८

दुसऱ्या दिवशी साडेबाराला मी माझ्या खोलीच्या खिडकीत उभा होतो. ट्रंक भरलेली, अंगात धुतलेला सदरा. वीज गेलेली. समोर शास्त्रीबुवांची खिडकी बंद. खाली ऊन गल्लीच्या अगदी मधोमध, हातभर पट्टा.

ऋता वळणावरून आली, हातात डबा. सवयीप्रमाणे यंत्राच्या खोलीच्या खिडकीखाली उभी राहिली.

“भावजी.”

मी हसलो. अगदी पहिल्या हाकेलाच ओ द्यावी असं मनात आलं, पण म्हटलं, शेवटचा दिवस, आईचा नियम पाळू.

“भावजी.”

टोपली शेजारच्या खोलीत होती, कुलपाआड. तिसऱ्या हाकेनंतर मीच खाली जाणार होतो.

“भावजी.”

मी तोंड उघडलं. “ओ” ऐकू आली. मला ती ऐकू आली, शेजारच्या खोलीतून. माझ्याच आवाजात, थोडी झोपेतली, जशी मी रोज देतो तशी.

ऋताने मान वर केली. माझ्याकडे नाही, त्या खिडकीकडे.

“काय ठरलं मग?” तिने विचारलं. “येताय ना?”

खिडकी उघडल्याचा आवाज झाला. त्या बिजागऱ्यांचा आवाज मी चार वर्षं ऐकत आलोय.

“नाही गं,” तो आवाज म्हणाला. “तू जा. मी आहे इथे.”

ऋताचा चेहरा पडला. तिने पदराने डोळे टिपले आणि मान हलवली, हे माहीतच होतं अशी. वरून टोपली खाली येत होती, सावकाश, दोराला झटके न देता. मी गजांना गाल लावून शेजारी पाहिलं. गजांतून दोन हात बाहेर आलेले दिसले, कोपरापर्यंत. उजव्या मनगटावर तव्याचा जुना डाग, माझाच. बाह्या धुतलेल्या सदऱ्याच्या. त्यापुढे मी पाहिलं नाही.

“पोळ्या गरम आहेत,” ऋता वर बघत म्हणाली. “लगेच खा. आणि पत्र पाठवत जा.”

“पाठवीन.”

तिने डबा टोपलीत ठेवला, नमस्कार केला आणि वळली. ती दहा पावलं गेली असेल. मी गज धरले आणि सगळा जीव गोळा करून हाक मारली, “ऋता.”

आवाज निघाला. स्पष्ट निघाला. वळणावरचं कुत्रं मान वर करून माझ्याकडे बघायला लागलं. ऋता क्षणभर थबकली, पण वळली नाही. चौदा वर्षं ती आमच्या घरात होती. पहिल्या हाकेला कोण वळतं?

शेजारी टोपली खिडकीला लागल्याचा आवाज झाला. माणूस तीनदा हाक मारतो, आई म्हणायची. मी दुसरी हाक मारायला तोंड उघडलं.

ऋता वळणापलीकडे गेली तरी मी तसाच उभा होतो, तोंड उघडं ठेवून. दुसरी हाक माझ्यात नव्हती.